उजवा गुडघा आधी

माझ्या आत्याला देवाशी बोलायचं असलं की ती खाली जायची. वर आभाळाकडे बघून बोलणाऱ्यांतली ती नव्हे. उभं राहायचं, कमरेत वाकायचं, एकेक करून गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं आणि तिथे काय ते सांगून टाकायचं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे एवढंच. शब्द ज्याचे त्याचे, अंगाच्या हालचाली मात्र सगळ्यांच्या सारख्या.

दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. हात वाचला, तोंड वाचलं. तोंड वाचलं ते एक बरं झालं, नाहीतर भांडली कशाने असती. पण डाव्या पायातली ताकद गेली. पडून राहणारी ती नाहीच. शिलाई मशीनचं पायडल काढून तिने मोटर बसवून घेतली, काठी हातात धरली आणि दुकान उघडलं. गिऱ्हाइकांच्या विजारी आखूड करणं, कॉलर उलटवणं, चेन बदलणं, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. खाली जाणं तेवढं होईना. उजवा गुडघा टेकायला गेली की सगळा भार डाव्या पायावर यायचा, आणि तो पाय तिला सरळ दगा द्यायचा.

प्रार्थनागृह आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. तिथे प्रार्थना चालवणारे म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना लहानथोर सगळे थोरले म्हणतात. थोरल्यांनी आत्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवली, वर मऊ गादीसुद्धा. आत्या एकदा गेली आणि काठी आपटतच परत आली.

"सगळ्यांची डोकी जमिनीला, आणि मी एकटी वर," ती म्हणाली. "परीक्षेला सर बसतात ना, कोण कॉपी करतंय बघायला, तशी."

त्यानंतर ती तिथली पायरी चढली नाही. पायाचं निमित्त सांगायची. पण प्रार्थनेची वेळ झाली की मशीन जोरात चालवायची, म्हणजे गल्लीच्या टोकाचा आवाज कानावर पडू नये. मी कितीदा पाहिलंय, सुईत दोराच नसायचा.

मला राग यायचा. देवाचा नाही, त्याच्याशी माझं फारसं येणंजाणं नाही. आत्याचा यायचा. आई गेली तेव्हा मी जेमतेम बोलायला लागले होते, बाबा कामापायी सदा बाहेरगावी. मला वाढवलं ते आत्याने, त्याच शिवणाच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. कुणापुढे मान न तुकवणारी ही बाई एका खुर्चीपुढे हरली, हे मला बघवत नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी नाच बसवते. रंगमंचावर नाही, जागेवर. मासळीबाजार पहाटे उघडायच्या आधी, बस डेपोच्या धुलाईच्या खड्ड्यात, बंद पडलेल्या छापखान्यात. त्या जागेत माणसांनी अंग कसं वापरलंय ते बघायचं आणि त्यातूनच नाच उभा करायचा. आत्याला हे कधी पटलं नाही. "तुला कुणी स्टेज देत नाही का गं?" असं ती दरवर्षी एकदा विचारते, अगदी काळजीने.

प्रार्थनागृहाची फरशी बदलणार असं कळलं आणि माझं डोकं चाललं. फरशी जुनी, दगडी. पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकून तिच्यात जोडीजोडीने खळगे पडलेले. पावसाचं पाणी आत आलं की त्यांत साचायचं. आता ती काढून गुळगुळीत चौकोनी लाद्या बसवायच्या होत्या. मी थोरल्यांकडे गेले आणि त्या फरशीची शेवटची संध्याकाळ मागितली. नाच कसला, तर एकाच प्रार्थनेचा. उभं राहण्यापासून कपाळ टेकेपर्यंत आणि परत उठेपर्यंत. एरवी चार श्वासांत होणारी गोष्ट आम्ही तासभर करणार होतो, म्हणजे अंगातला प्रत्येक सांधा काय करतो ते दिसेल.

थोरल्यांनी दाढी कुरवाळली. "आधी मला एकदा दाखव. अपमान होत नसेल तर माझी हरकत नाही."

खरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. तिसऱ्या खांबाजवळची एक जागा मी नाचात रिकामी ठेवली होती. ती आत्याची जागा. तरुणपणापासून ती तिथेच गुडघे टेकत आली. फरशी उखडली की तो खळगाही ढिगाऱ्यात जाणार. त्याआधी तिने एकदा तरी तिथे खाली जावं, एवढंच मला हवं होतं. कसं जाणार, ते मला ठाऊक नव्हतं. आधी तिला पायरी तरी चढवू, मग बघू, असा माझा हिशेब.

आत्याने आमचे अंगरखे शिवायला घेतले. राखाडी कापड, गुडघ्याच्या जागी आतून जाड अस्तर. "शिवून देते," ती म्हणाली, "पण बघायला येणार नाही. आत्ताच सांगते. मागून गळ घालू नकोस."

माझी नाचाची मंडळी महिनोन्‌महिने सराव करत होती. आमच्या हॉलला एक भिंतभर आरसा आहे. मी आरशाकडे तोंड करून पुढे उभी राहते, सगळे माझ्या मागे. मी जी बाजू वापरते तीच ते वापरतात. लहानपणी आत्याने शिकवलं होतं ते माझ्या हाडांत होतं, तेच मी त्यांच्या हाडांत उतरवलं.

थोरल्यांना दाखवायच्या दिवशी आम्ही पहिल्यांदा खऱ्या फरशीवर आलो. सतरंज्या उचललेल्या, दिवे उतरवलेले, नुसता उघडा दगड. आमच्यात एक उंच मुलगा आहे, त्याला लंबू म्हणतात. पहिल्याच फेरीनंतर तो गुडघा चोळत माझ्याकडे आला.

"ताई, ही फरशी माझ्याशी भांडतेय. उजवीकडचा खळगा खोल आणि डावीकडचा उथळ. माझा डावा दर वेळी दाणकन आपटतो."

"एवढ्या पिढ्यांना चालली," मी म्हटलं, "तुला तेवढी टोचते होय? गप अस्तर नीट कर."

माझं हे असं आहे. कुणी चूक दाखवली की आधी जीभ चालते, डोकं मागून येतं.

थोरले येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही सुरू केलं. उभे होतो तोवर त्यांचा चेहरा शांत होता. वाकलो तेव्हा त्यांनी मानसुद्धा हलवली. मग सगळ्यांनी एकदम गुडघे टेकले आणि ते म्हणाले, "थांबा."

आम्ही थांबलो.

"हे कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि तुला?"

"आत्याने."

"शक्य नाही," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला मी परकरात असल्यापासून बघतोय. तिने जन्मात कधी डावा गुडघा आधी टेकला नाही. उजवा आधी. उठताना उजवा शेवटी. ही फरशीच बघ ना. पहिला टेकतो त्याच्यावर भार येतो, म्हणून उजवा खळगा खोल. तुम्ही सगळेच्या सगळे उलटे जाताय."

लंबूने माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढे उपकार केले.

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खळगे समोरच होते. लहानपणी मी प्रार्थनेच्या वेळी बाहेर उंडारायचे, मोठेपणी शेवटच्या रांगेत डोळे मिटून उरकायचे, आणि पुढे जाणंच सोडलं. सगळे खाली जात असताना कोण कुणाचे गुडघे बघतो? माझे कुणी पाहिले नाहीत, मी कुणाचे पाहिले नाहीत.

"आमच्यात मूल मोठ्या माणसाच्या मागे उभं राहून शिकतं," थोरले म्हणाले. "पाठ बघून. तुला कसं शिकवलं कोण जाणे. परवा प्रयोग ना? परवापर्यंत सरळ करा. या फरशीला उलट्या अंगाने निरोप द्यायचा नाही. नाहीतर दार उघडणार नाही."

मी तडक दुकानात गेले. आत्या शेवटच्या अंगरख्याला काज करत होती.

"तू मला उलटं शिकवलंस," मी दारातूनच म्हटलं.

सगळं ऐकून ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "अगं, तुला मागे उभी केली की तू पळून जायचीस. कार्टं नुसतं. म्हणून मी तुला समोर उभी करायची, दोन्ही हात धरून. मी उजवा टेकला की तू समोरून डावा टेकायचीस. माझ्या कधी लक्षातच आलं नाही बघ." मग डोळे पुसून म्हणाली, "एवढी वर्षं शिवणकाम करतेय मी. कापडाची घडी चुकली की दोन्ही बाह्या डाव्या निघतात, हे मला कळू नये? तू माझी डावी बाही आहेस."

"आता काय करू ते सांग. माझ्या सगळ्या मंडळींचे गुडघे डावे झालेत."

"आधी स्वतः शिक. ये इकडे."

ती उठली, काठी टेबलाला टेकवली आणि सवयीने माझ्यासमोर उभी राहिली. माझे दोन्ही हात धरले. कापडाच्या गठ्ठ्यांमधून जेमतेम दोघी मावत होतो.

"उजवा," ती म्हणाली. "नीट लक्ष दे. उजवा."

मी सगळं लक्ष उजव्या गुडघ्यावर एकवटलं. हाड ऐकत नव्हतं, डावाच पुढे धावत होता. दात आवळत मी एकदाची उजव्या गुडघ्यावर गेले. खाली पोचले, वर पाहिलं, तर आत्याचा चेहरा वर नव्हताच. माझ्यासमोरच होता. ती खाली होती.

 माझे हात तिने घट्ट धरून ठेवले होते.

तिचं अंग समोरून माझ्या अंगाच्या मागोमाग गेलं होतं, आरशातल्यासारखं. मी उजवा टेकला, तिने डावा. दुबळा पाय आधी जमिनीला लागला आणि तिचा धडधाकट उजवा पाय पुढे राहिला, त्याने सगळा भार अलगद खाली सोडला. मी नाच शिकवून पोट भरते, कुठला पाय भार घेतो हे दिवसरात्र लोकांना ओरडून सांगते, आणि घरातली ही गोष्ट मला दोन वर्षं दिसली नव्हती. दिसणार कशी? आत्याच्या डोक्यात डावा गुडघा आधी ही गोष्ट शिरणंच शक्य नव्हतं, आणि मोठी झाल्यावर तिच्यासमोर मी कधी प्रार्थनेला उभी राहिलेच नव्हते.

"उठव मला," ती हळू आवाजात म्हणाली.

"मी नाही उठवत. उजवा पाय रोव आणि तूच उठ."

ती उठली. टेबलाचा आधार घेतला, पण उठली. खुर्चीत बसून तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मीही रडले. लपवायचं काय त्यात.

"येशील?" मी विचारलं.

"उलटं आहे गं ते," ती म्हणाली. "थोरल्यांसमोर, सगळ्या लोकांसमोर. त्यांनी मधेच थांबवलं तर? खुर्चीवर बसले तेव्हा निदान लोकांनी कीव केली. इथे हाकलून देतील. तसं झालं तर मी पुन्हा या गल्लीत तोंड दाखवणार नाही, सांगून ठेवते."

"मग नाही येणार?"

"विचार करते म्हटलं ना," ती म्हणाली. खरं तर तसं तिने आधी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये आरशाकडे पाठ केली आणि मंडळींकडे तोंड. मी माझ्या खोडीप्रमाणे डावा टेकायचा, त्यांनी समोरून उजवा. लंबू आणि बाकीचे दिवसभर एकमेकांवर आपटत होते, कारण गुडघा बदलला की वळण बदलतं आणि वळण बदललं की शेजारच्याचं कोपर बरगडीत येतं. शिव्या मला ऐकू येतील अशाच घातल्या जात होत्या. पण झालं. मी थोरल्यांना निरोप पाठवला, सगळे उजवे झालेत. खोटं नव्हतं ते. मंडळींपुरतं खरं होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रार्थनागृह भरलं. लोक भिंतींच्या कडेने, खांबांना टेकून उभे होते. मागच्या भिंतीशी चार-पाच म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांनाही खाली जाता येत नव्हतं, पण आत्याइतका माज नसल्यामुळे त्या येत राहिल्या होत्या. आणि तिसऱ्या खांबाजवळ, बरोबर आत्याच्या खळग्यावर, थोरल्यांनी ती गादीची खुर्ची आणून ठेवली होती. प्रेमानेच ठेवली होती. मला मात्र ती लाथेने उडवावीशी वाटली.

सुरुवात व्हायच्या जरा आधी दारात काठीचा आवाज आला. आत्या पायऱ्या चढून एकटी आली होती. अंगात राखाडी अंगरखा, आमच्या सगळ्यांसारखाच, गुडघ्याला अस्तर लावलेला.

"कापड उरलं होतं," ती मला म्हणाली.

लोकांनी वाट करून दिली. ती खांबापाशी गेली, खुर्चीकडे पाहिलं आणि काठीनेच ती मागे सरकवली. दगडावर खुर्चीचे पाय कर्कश वाजले. थोरल्यांच्या भुवया वर गेल्या.

आम्ही सुरू केलं. संगीत नव्हतंच, फक्त श्वास आणि कापडाची सळसळ. सगळी मंडळी उभी होती तशी हळूहळू वाकायला लागली. एकेक मणका सुटा होत होता. हातांची बोटं मांड्यांवरून खाली घसरत गुडघ्यांवर आली. आत्याही वाकली, तिच्या तिच्या गतीने. तिला नाच करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण खरं सांगते, त्या सगळ्यांत मला तीच बघावीशी वाटत होती. एका माणसाने आयुष्यभर एकच हालचाल केली की ती अशी दिसते.

खाली जायची वेळ आली. मी रांगेतून निघाले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात पुढे केले. तिने धरले.

मी उजवा टेकला. तिने डावा.

खळग्यात तिचा गुडघा बसला तेव्हा मागच्या भिंतीकडून कुजबुज उठली. कुणीतरी "डावा" म्हणालं, अगदी स्पष्ट. आत्याने ऐकलं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली, पण ती थांबली नाही, दुसराही गुडघा टेकला.

थोरले पुढे आले. मला वाटलं, संपलं. माझी मंडळी अर्धी वाकलेली तशीच थिजली होती, लंबूच्या मांड्या थरथरताना मला दिसत होत्या. थोरले आत्याच्या शेजारी उभे राहिले. तिच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं, त्या पायाकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या खुर्चीकडे. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. म्हातारा माणूस, खुर्ची जड, पण कुणाला हात लावू दिला नाही. ती दाराबाहेर नेऊन ठेवली आणि परत आले.

परत आले ते आत्याच्या मागे येऊन उभे राहिले. मूल उभं राहतं तसे, पाठ बघत. कमरेत वाकले. आणि डावा गुडघा आधी टेकला.

मग मागच्या भिंतीशी खुर्ची सरकली. एक म्हातारी भिंतीला धरून उठली, कुठला पाय पुढे ठेवायचा हे जरा चाचपलं आणि तिच्या सोयीच्या गुडघ्यावर खाली गेली. मग दुसरी. माझी मंडळी उजव्याने गेली, लोक उजव्याने गेले, म्हाताऱ्या जिच्या तिच्या सोयीच्या पायाने गेल्या. बघायला कुणी उरलंच नाही. सगळे खाली होते.

आत्याने माझे हात सोडले आणि कपाळ दगडाला लावलं.

आमच्या नाचात तिथे थोडाच वेळ थांबायचं होतं. मग मी इशारा करायचा आणि सगळ्यांनी उठायचं. मी इशारा केला नाही. आत्याचे ओठ दगडाशी हलत होते, हलतच होते. लंबू डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता, कधी उठायचं म्हणून. मी मान हलवली, नाही. दोन वर्षांचं साठलेलं होतं तिचं. एवढ्यात कसं आटपेल?

शेवटी ती थांबली. हात टेकले, उजवा पाय रोवला आणि उठली. मी हात पुढे केला होता, तो तिने घेतला नाही. ती उभी राहिल्यावर बाकीचे उठले. टाळ्या वाजल्या का, मला आठवत नाही. मला फक्त ती उभी दिसत होती, कपाळाला दगडाची धूळ, आणि मी आयुष्यात बसवलेल्या सगळ्या नाचांत हा एक जिंकला एवढं मला पक्कं कळलं होतं.

घरी जाताना तिने माझा दंड धरला होता, काठी दुसऱ्या हातात. दुकानापाशी आल्यावर ती थांबली.

"थोरल्यांना उठताना वेळ लागला, पाहिलंस?" ती म्हणाली. "डाव्याची सवय नाही त्यांना." मग कुलूप काढता काढता म्हणाली, "नव्या लाद्या बसल्या की मी आहेच पुढे. शिकतील हळूहळू."